एका उंबराची फेरी

डोंगराच्या कुशीत एक दाट जंगल होतं. त्या जंगलात बेहड्याच्या उंच झाडावर, एका ढोलीत, धनेश पक्ष्यांचं एक जोडपं संसार थाटून राहत असे. मुलांनो, या धनेशांची एक रीत आहे. अंडी घालायची वेळ आली की मादी ढोलीत शिरते आणि दार चिखलाने लिंपून घेते, साप-घोरपड आत येऊ नये म्हणून. चोच बाहेर निघेल एवढीच फट ठेवते. आत बसल्या बसल्या तिच्या पंखांची पिसंसुद्धा गळून जातात. मग तिचं आणि पिल्लांचं पोट सगळं नराच्या हाती. त्याने आणलं तर खायचं, नाही आणलं तर तोंड मिटून बसायचं.

आपल्या धनेशिणीने मोठ्या भरवशाने दार लिंपलं होतं. धनेश होताच तसा, कामाला वाघ. गळा फुगेस्तोवर उंबरं भरून आणायचा आणि ढोलीपाशी बसून एकेक उंबर वर काढून फटीतून तिच्या चोचीत ठेवायचा. मधून एखादा सरडा, एखादा नाकतोडा. अंडी फुटली, दोन पिल्लं झाली, सगळं सुरळीत चाललं होतं.

पण त्याच जंगलात एक कोतवाल पक्षी होता. काळाकुळकुळीत, शेपटीला दोन फाटे, आणि जिभेला हाड म्हणून नाही. दिवस कलला की तो वाळक्या सागाच्या शेंड्यावर बसून ओरडायचा, "ऐका हो ऐका! आज चाऱ्याच्या सगळ्यांत जास्त फेऱ्या मारल्या तांबट पक्ष्याने! आणि सगळ्यांत मागे कोण? आपले धनेशभाऊ! एवढी मोठी चोच काय नुसती शोभेला ठेवलीय का, भाऊ?" सगळे पक्षी फिदीफिदी हसायचे.

एके दिवशी धनेशाच्या मनाला ते फार लागलं. फटीपाशी येऊन तो म्हणाला, "अगं, ऐक. उद्यापासून या जंगलात माझ्याइतक्या फेऱ्या कुणाच्या होणार नाहीत. मी ठरवलंय."

"फेऱ्या?" धनेशीण म्हणाली. "फेऱ्या काय शिजवून घालू पिल्लांना?"

पण ऐकायला तो होता कुठे? तो भुर्रकन उडून गेला होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच धनेश आला. त्याने फटीतून एक उंबर दिलं आणि लगेच पंख पसरले.

"अहो, थांबा! एकच?"

"गळा भरत बसलो की वेळ जातो. तेवढ्यात आणखी एक फेरी होते."

"आणि सरडा? पोरांना पिसं फुटायची आहेत. नुसत्या उंबरावर कशी फुटतील?"

"सरड्यावर दबा धरून बसलो तर फेऱ्या बुडतात ना!" असं म्हणून तो गेलासुद्धा. जवळच्या उंबरावरून एक फळ तोडायचं, ढोलीत टाकायचं, परत पळायचं, दिवसभर हेच. तेही धड नाही. घाईघाईत निम्मी उंबरं फटीबाहेरच पडायची आणि खालच्या पाचोळ्यात मुंग्या ती खायच्या.

दिवस कलला. कोतवाल ओरडला, "आज पहिला नंबर धनेशाचा!" धनेश मान वर करून सगळ्या जंगलाला दिसेल असा बसला. आत दोन्ही पिल्लं चोची वासून रडत होती. धनेशिणीने आलेली उंबरं दोघांत वाटली आणि आपण नुसत्या साली चघळल्या. तिच्या अंगाचा अगदी तिळपापड झाला.

"लाज नाही वाटत?" ती फटीतून कडाडली. "घोसच्या घोस मावतो गळ्यात, आणि आणता एक उंबर!"

"तुला माझं कौतुकच नाही. बाहेर सगळे वा वा करतायत."

"ती वा वा तुम्ही खा. आम्हाला उंबरं आणा!"

पण धनेशाला आता त्या वा वाची चटकच लागली होती. कोतवालही रोज नवीन काडी टाकायचा, "कालच्यापेक्षा आज जास्त मारशील तरच खरा धनेश!" की हा निघालाच. उन्हाळ्यात भर दुपारी चिमणीसुद्धा सावली धरते, पण हा तेव्हाही उडत होता. अंगाची नुसती काडी झाली. इकडे धाकटं पिल्लू चोच उघडायचं, पण आवाज निघायचा नाही. धनेशीण त्याला पोटाशी घ्यायची आणि स्वतःच्या बोडक्या पंखांकडे बघत बसायची. नवीन पिसं फुटली होती, पण अर्धीमुर्धी. बाहेर पडावं तर उडता येत नाही, आत बसावं तर पोर हातचं जातं. भीती वाटायची, आणि भीती वाटली की राग आणखीच चढायचा. इतक्या विश्वासाने मी दार लिंपलं, ते यासाठी?

एका दुपारी ऊन नुसतं भाजून काढत होतं. धनेश चोचीत एक उंबर घेऊन आला. फांदी धरायला गेला, पाय निसटला, आणि दाणकन खाली पाचोळ्यात पडला. उंबर गडगडत बाजूला गेलं. धनेशिणीने फटीतून पाहिलं. तेवढ्यात सागावरून कोतवालाचा आवाज आला, "उठा, धनेशभाऊ, उठा! आजच्या फेऱ्या अजून कमी आहेत!"

आता मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पोरांनो, मागे सरा!" ती म्हणाली, आणि ज्या चोचीने लिंपलं होतं त्याच चोचीने ते दार फोडायला लागली. लिंपण वाळून दगड झालं होतं. चोचीतून रक्त आलं तरी ती थांबली नाही. ढेकळं धडाधड खाली पडली. धनेशीण बाहेर आली आणि सागाकडे बघून ओरडली, "ए, दुसऱ्याच्या फेऱ्या मोजणाऱ्या! माझ्या ढोलीत किती जीव उपाशी आहेत, ते मोजलंस का कधी?"

कोतवाल शेपटी हलवत म्हणाला, "माझ्यावर कशाला चिडता, वहिनी? मी फक्त मोजतो. फेऱ्या मारायला मी कुठे सांगितलं होतं?"

धनेशिणीने त्याच्याकडे पाठ फिरवली. मग या फांदीवरून त्या फांदीवर, पडत-झडत, ती खाली नवऱ्यापाशी उतरली. "ऐकलंत? तो फक्त मोजतो. मरायचं तुम्ही आणि तुमच्या पोरांनी!"

धनेशाचे डोळे भरून आले. "चुकलं माझं. पण मग मी काही ठरवायचंच नाही का गं?"

"ठरवा ना! नको कोण म्हणतंय? पिल्लांच्या पोटाकडे बघून ठरवा, आपल्या पंखांकडे बघून ठरवा. त्या मेल्याच्या तोंडाकडे बघून काय ठरवता?" बोलता बोलता तिने ते गडगडलेलं उंबर उचललं आणि त्याच्याच चोचीत कोंबलं. "आधी तुम्ही खा! उपाशी बाप पोरांना काय जगवणार आहे? आणि सावलीतून हलाल तर याद राखा!"

मग ती स्वतः निघाली. थोडं उडत, जास्त उड्या मारत उंबरापाशी गेली, गळा फुगेस्तोवर फळं भरली आणि ढोलीत नेऊन रिकामी केली. वाटेत सापडलेला एक नाकतोडा धाकट्याच्या चोचीत घातला. खूप दिवसांनी त्याच्या तोंडून "चीं" निघालं. दिवस मावळायच्या आत पिल्लांनी आईने आणलेल्या चिखलाने दार पुन्हा लिंपून घेतलं.

त्यानंतर दोघं मिळून चारा आणू लागली. सकाळी भरल्या गळ्याने यायचं, जमला तर सरडा पकडायचा, दुपारी सावलीत बसायचं, ऊन उतरलं की पुन्हा जायचं. पिल्लांना पिसं फुटली. धनेशाच्या अंगावरही मांस चढलं.

कोतवालाला ते कसं बघवेल? एके दिवशी तो सागावरून उठला आणि मुद्दाम ढोलीच्या अगदी खालच्या फांदीवर येऊन बसला. "ऐका हो ऐका! आजही सगळ्यांत मागे धनेशच! काय हो भाऊ, जोडीने मिळून एवढ्याच फेऱ्या? घरात आळस शिरलाय वाटतं!"

धनेशाची मान एकदा वर झाली. धनेशिणीने डोळे वटारले. तो हसला आणि पंख साफ करत बसला.

वर ढोलीत धाकट्याचं पोट गच्च भरलं होतं. धनेशाच्या पोरांना लहानपणापासून एक शिस्त असते, ढोली घाण करायची नाही. त्याने पाठ फिरवली, शेपूट फटीला लावलं, आणि अशी पिचकारी मारली की कोतवालाचं काळंकुळकुळीत डोकं पांढरंफेक झालं!

"घ्या, भावोजी," धनेशीण म्हणाली, "हे मोजा आता!"

तात्पर्य : काय साधायचं ते आपल्या माणसांची भूक आणि आपल्या अंगातलं बळ पाहून ठरवावं. मोजणाऱ्याला खूश करायला गेलं तर फेऱ्या वाढतात, पोट कुणाचंच भरत नाही.