ताटोबा, वाटोबा आणि बुटकी टाकी

एक होती बुटकी टाकी, एक होता ताटाएवढा शॉवर ताटोबा, आणि एक वाटीएवढा वाटोबा. दिवाळसणाला जावई येणार म्हणून हौसाबाईंनी ताटोबा थाटात बसवला. वाटोबा दुकानात परत जायचा होता, म्हणून कोनाड्यात रडवेला होऊन पडला.

पहाटे जावई उटणं लावून उभे राहिले, तर ताटोबातून नुसते थेंब!

"टाकीमावशी, जोर लाव की!"

"मेल्या, माझी उंची ती केवढी! तुझ्या शंभर तोंडांना कुठून पुरवू?"

"मावशी, मला दहाच तोंडं आहेत," वाटोबा हळूच म्हणाला.

"अहो आई, उटणं वाळलं!" आतून जावई ओरडले. हौसाबाईंनी घाईघाईनं दाराच्या फटीतून वाटोबा दिला. जावयांनीच तो फिरवून बसवला, आणि अशी सरसरून धार आली की ते गाऊच लागले.

पुढल्या दिवाळीला लेक-जावई नातवाला घेऊन आले, तेव्हा पहिलं कुंकवाचं बोट वाटोबाला लागलं.