कामावरची बॅग

शिरोळकरशेठच्या बॅगांच्या दुकानात वॉरंटीचा नियम होता: बॅग कामावर जायला वापरली तर दोन वर्षं, ट्रेकला नेली तर सहाच महिने. सोमवारी संध्याकाळी शिक्षिका कुंदा भिलारे यांनी पट्टा तुटलेली, वर्षभर वापरलेली बॅग काउंटरवर ठेवली. शेठनी तळाची लाल माती नखानं खरवडली.

"गडावर नेलीत. वॉरंटी संपली."

"माझी शाळाच गडाच्या माचीवर आहे. रोज तासभर चढून कामावर जाते."

"बाई, डोंगर चढला की ट्रेक! मजा तुम्ही करायची आणि भुर्दंड आम्ही भरायचा?" शेठ गिऱ्हाइकांकडे बघून हसले.

मजा! कुंदाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी बॅगेतून आधी बावीस मुलांच्या वह्या काढल्या. मग चिप्सची रिकामी पाकिटं, चेपलेल्या बाटल्या आणि शेवटी एक चुरगळलेला बॅनर काढून काउंटरवर पसरला: 'शिरोळकर बॅग्ज, रविवारची गडसफर'.

"मजा काल तुम्ही केलीत, शेठ. तिचा कचरा आज मी खाली आणला, आणि तो आणतानाच पट्टा तुटला. आता सांगा, ट्रेक कुणाचा आणि काम कुणाचं?"

शेठनी नवी बॅग काढून दिली. कुंदाबाईंनी वह्या तिच्यात भरल्या. बाकीचं सगळं त्यांनी काउंटरवरच राहू दिलं.