सबुरीबाई आणि वाढोबा

एक होता राजा, आणि त्या राजाच्या पोटात होतं एक गाव. हसू नकोस रेवू, असतं पोटात गाव. लांबलचक, वळणावळणाचं, बोळासारखं. मोठं आतडं म्हणतात त्याला. आणि राजा शेवटी बरा होतो हं, आधीच सांगून ठेवते. नाहीतर मागच्या वेळेसारखी रडारड करशील.

तर त्या बोळाच्या भिंतीत ओळीने घरं. घरातली माणसं एवढीशी, मोहरीहूनही बारीक. गावाची रीत अशी, की पाच दिवस राहायचं, काम करायचं, आणि सहाव्या दिवशी नव्याला जागा देऊन निघायचं. कुरकुर नाही, काही नाही.

गावाला पांढऱ्या डगल्यांचे शिपाई होते. त्यांचा नाईक रागोजी. भारी तापट मंडळी! जरा खुट्ट झालं की निघाली काठ्या घेऊन. त्यांना आवरायला होती सबुरीबाई आणि तिच्या बहिणी. राजाने दही खाल्लं, ताक प्यायलं, की गावात हजारो बारके पाहुणे यायचे. चांगले असायचे बिचारे, कामाला हात लावायचे. पण शिपाई धावायचेच. मग सबुरीबाई मध्ये उभी राहून विचारायची, "कोण रे तू? आपला का?" तो म्हणायचा, "आपलाच, बाई." की ही म्हणायची, "असू दे रे, आपलाच आहे." की काठ्या खाली. तिचा शब्द कुणी मोडत नसे, बरं का.

एकदा काय झालं, भिंतीतल्या एका घरात राहायचा वाढोबा. त्याचा सहावा दिवस आला. हा काही जाईना. सातवा आला, आठवा आला, हा आपला ठिय्या मारून. वर शेजारच्या घरात हातपाय पसरले. मग पलीकडच्या. तिथेही आपल्यासारखेच आणखी वाढोबा बसवले. भिंतीला ही एवढी गाठ आली.

शिपाई आले. सबुरीबाई मध्ये. "कोण रे तू? आपला का?"

"आपलाच बाई. याच भिंतीत जन्मलो."

आता खोटं कुठे बोलत होता मेला! तिथलाच तर होता. मग सबुरीबाई म्हणाली, "असू दे रे." शिपाई गेले परत.

वाढोबा महाबेरकी. त्याने ओळखलं, या बाया दाराशी असल्या की आपल्याला कुणी हात लावत नाही. मग त्याने काय करावं? घरी हळदीकुंकू ठेवलं! पुरुषाने कसलं हळदीकुंकू ठेवायचं, पण या बायांना सुचलंच नाही. गेल्या नटूनथटून. मग रोजच बोलावणं. शिपाई काठ्या घेऊन आले की दारातूनच बहिणी म्हणायच्या, "हळू रे, आत बायका बसल्यात." शिपाई बिचारे ओशाळून मागे.

इकडे राजा वाळत चालला. जेवण जाईना, पोट दुखायचं, परसाकडला रक्त पडायला लागलं. राणीने देव पाण्यात ठेवले. राजवैद्य आले, नाडी धरली, म्हणाले, "शिपाई आहेत, पण कुणीतरी आवरून धरलंय त्यांना. आवरणाऱ्यांनाच हाकला!" आणि दिला कडूजहर काढा. सबुरीबाई आणि तिच्या बहिणी गावाबाहेर!

मग काय विचारता! शिपायांना रान मोकळं. वाढोबाला दोन काठ्या, पाहुण्यांना चार, आणि भिंतीतल्या गरीब माणसांना दहा. दिसेल त्याला झोडपत सुटले. राजाची तर नुसती तांब्या घेऊन धावाधाव. दिवसातून वीस वेळा! हसा, हसा. राजाला नव्हतं हसू येत. वैद्यबुवांनी कान पकडले. "चुकलंच माझं," म्हणाले, आणि काढा बंद केला.

बहिणींना घेऊन सबुरीबाई परत आली. बघते तर घरं मोडलेली, पाहुणे पळालेले, आणि वाढोबा आपला कोपऱ्यात फुगून बसलेला. "या सबुरीबाई! हळदीकुंकवाला बहिणींनाही आणा हं."

बहिणी गेल्या आत. ही मात्र उंबऱ्यावरच बसली. तिला भडभडून आलं. मी नसले तर गाव मरतं, असले तर हा माजतो. आणि याने भिंत फोडली की राजा जाणार, राजाबरोबर सगळेच जाणार. याला घरात ठेवलं कुणी? मीच की!

तेवढ्यात शेजारची म्हातारी गाठोडं घेऊन बाहेर पडली. "येते हं सबुरीबाई. झाले माझे पाच दिवस."

सबुरीबाई ताडकन उठली. वाढोबाच्या समोर जाऊन उभी राहिली.

"आपलाच, बाई, आपलाच!" तो आधीच म्हणाला.

"ते कुठे विचारलं मी? कितवा दिवस तुझा?"

"अहो, घरच्या माणसाला असं विचारतात होय?"

"कितवा दिवस?"

"तुम्ही बसा तर खरं. वाण घ्या..."

"वाढोबा, कितवा दिवस तुझा?"

वाढोबा बोटं मोजायला लागला, एका हाताची संपली तशी हात पाठीमागे लपवला. मग सबुरीबाई बहिणींवर कडाडली, "उठा गं सगळ्या! ठेवा ती वाणं खाली!" बाया भराभर बाहेर आल्या. मग ती दारातून बाजूला झाली आणि जन्मात कधी म्हणाली नव्हती ते म्हणाली, "रागोजी, धरा याला. पण भिंत सांभाळून."

तीन दिवस लागले. सबुरीबाई पुढे, शिपाई मागे. घरोघर ती विचारायची, कितवा दिवस? एक ते पाच म्हणाला, त्याला नमस्कार. गप्प बसला, त्याला काठी. शेवटचा वाढोबा गेला, तशी ती खाली बसून पोटभर रडली. सुटलो गं बाई, म्हणाली.

आणि राजा उठून बसला! मऊ भात मागितला, वर तूप मागितलं, आणखी वाढ म्हणाला. राणीच्या जिवात जीव आला. पण आत काय झालं ते राजाला कळलंच नाही. तो म्हणाला, राणीच्या भाताचा गुण. वैद्यबुवा म्हणाले, माझ्या काढ्याचा. सबुरीबाईने आतून ते ऐकलं आणि म्हणाली, "असू दे."

राजा घोरायला लागला, गाव आपल्या कामाला लागलं, आता तुम्हीही डोळे मिटा. आणि पोटाला कान लावायला बघू नकोस रेवू, बाहेरून ऐकू येत नाही. झोप तू. सबुरीबाई आणि तिच्या बहिणी जाग्या आहेत.