चुंबकघरातला गारा

एका गावाच्या उशाशी एक तळं होतं. भर दुपारीही त्यावर धुकं तरंगे आणि खाली गाव पेंगत असे. तळ्याच्या बांधात खोलवर एक भेग पडली होती. ती बुजली नाही, तर एक दिवस तळंच गावात उतरणार होतं.

सुगंधाबाई नावाच्या कारागिणीने चुना आणि चिकणमातीचा दाट गारा बनवला. लांब नळीतून तो भेगेत सोडायचा, असा बेत होता. नळीच्या एका तोंडातून गारा ढकलला की दुसऱ्या तोंडातून भदाभदा पडे. राजा खूश झाला. गावभर तिचा उदोउदो झाला आणि मिरवणुकीसाठी पालखी सजली. पण दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं.

राजाकडे एक चुंबकघर होतं. आत मंद गुणगुणणारं भलंमोठं कडं. त्यातून वस्तू नेली की ती न फोडता आतलं चित्र पडद्यावर उमटे. आत लोखंड न्यायचं नाही, असा तिथला नियम. राजानेही तलवार, चिलखत दारातच उतरवलं आणि बिचारा शेजारच्या काकांसारखा दिसू लागला.

भेगेत सोडण्याआधी गारा नळीत कसा वाहतो ते पाहायला सुगंधाबाईने कड्यातून नळी ओवली. गारा वाहू लागला. पडद्यावर चांदणं सांडलं. वाहणारा गारा उजळ दिसे, थांबलेला काळा. मधोमध एक उजळ पट्टा स्वप्नात चालल्यासारखा सरकत होता. कडेचा सगळा गारा काळा होता. सुगंधाबाईने जोर वाढवायला सांगितला. मधला पट्टा पळू लागला, कडा मात्र हलल्या नाहीत.

राजाला त्यातलं काही कळलं नाही. "सुरेख! काढू या पालखी?"

ती गप्प बसली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. आणि पालखी तिला हवी होती, फार हवी होती.

"नको, महाराज. कडेचा गारा अडलाय. तो नळीतच घट्ट होईल आणि भेग तशीच राहील."

"अहो, गावभर तुमची वाहवा झालीय."

"गाव वाहवेखाली नाही, महाराज. तळ्याखाली आहे."

राजाने पालखी थांबवली. सुगंधाबाईने माती कमी केली, पाणी बदललं, पुन्हा बदललं. पालखीची फुलं सुकली. लोक हसले. अखेर एकदाची नळी कडेपर्यंत उजळली. तोच गारा भेगेत गेला.

त्या वर्षी तळं काठोकाठ भरलं. बांधातून थेंबही आला नाही. गाव नेहमीसारखं निवांत झोपलं आणि कित्येक दिवसांनी सुगंधाबाईचाही डोळा लागला.

तात्पर्य: वाहवा झाली म्हणजे काम झालं असं नाही, आत अडलेलं ज्याला दिसतं, ते सांगण्याची जबाबदारीही त्याचीच.