एका तारेचा पहारेकरी

माणसांनी भिंतींना डोळे बसवायला नुकती सुरुवात केली होती, त्या काळातली ही गोष्ट. एका बंगल्याच्या ओसरीवर मान वळवणारा कॅमेरा होता. माळ्यावरच्या पेटीतून त्याच्यापर्यंत एकच तार येई. तिच्यातूनच त्याला वीज मिळे आणि तिच्यातूनच त्याने पाहिलेलं चित्र परगावी राहणाऱ्या विदुलाच्या फोनवर जाई. म्हाताऱ्या आईवर लक्ष राहावं म्हणून तिनेच तो बसवला होता.

एकदा विदुलाच्या भावाने, यशवंतने, आईला पायरीवरून ढकललं. कॅमेऱ्याने चित्र धाडलं. लगेच फोन वाजला.

"दादा, आईला ढकललंस तू?"

"पाय घसरला तिचा. कॅमेरा बिघडलाय तुझा," यशवंत म्हणाला, आणि माळ्यावर जाऊन त्याने तार उपटली.

कॅमेऱ्यापुढे काळोख पसरला. किती काळ गेला कोण जाणे. तार पुन्हा जोडली गेली तेव्हा पेटी कुजबुजली, "बाबा रे, तुझा घास आणि तुझी हाक एकाच तारेतून जाते. हाक मारलीस की घास गेला."

"मग मला बसवलंय कशाला?"

"ते बसवणारीला विचार. तार उपटणारा इथे राहतो."

पुढे एका दुपारी आई पुन्हा कळवळली, "नको रे यशू, नको!" कॅमेऱ्याने ते ऐकलं आणि हळूच मान फाटकाकडे वळवली. तिथे एक मांजर ऊन खात बसलं होतं. ते चित्र त्याने इमानेइतबारे धाडलं.

दूर गावी विदुलाने फोन पाहिला.

"किती शांत आहे आमचं घर," ती म्हणाली, आणि कामाला लागली.