भोपळ्यावरचा देव

राजे प्रचंडरावांच्या भोपळ्याच्या वेलावर पांढरी भुकटी दिसली आणि साऱ्या दरबाराची बोबडी वळली. भुकटी कसली, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. भुरी! दर पावसाळ्याअखेर ती प्रत्येकाच्या परसातल्या भोपळ्यावर यायची आणि पानांवर पीठ सांडल्यासारखं दिसायचं. पण या वेलाचं बी खुद्द महाराजांनी स्वतःच्या हातानं टोचलं होतं. महाराजांच्या हातच्या वेलाला रोग झालाय, हे सांगायचं कुणी? तेवढी छाती असती, तर ही मंडळी दरबारात कशाला राहिली असती?

शेवटी दिगंबरशास्त्री पुढे झाले. महाराजांना काय ऐकायला आवडेल, हे ओळखण्यात त्यांचा हातखंडा होता. पानं निरखून ते म्हणाले, "महाराज, ही तर विभूती! साक्षात देव उतरलाय वेलावर."

महाराज फुलून गेले. लागलीच हुकूम सुटला. वेलाचं एकही पान तोडायचं नाही, विभूती पुसायची नाही आणि देवाला ऊन लागू नये म्हणून वर दाट मांडव घालायचा. या वेलाबद्दल जो 'भुरी' हा शब्द काढील, त्याचं मुंडण करून गाढवावरून धिंड. शिवाय दसऱ्याला याच वेलावरच्या भोपळ्याचे घारगे देवीच्या नैवेद्याला गेलेच पाहिजेत. नाही गेले, तर बागेच्या सटवाजी माळ्यानं कुटुंबासह राज्य सोडायचं.

वेलाला एकच भोपळा धरला होता, तोही मुठीएवढा. सटवाजी डोक्याला हात लावून बसला. त्याची लेक राही मात्र फणकारली.

"दरबारात एवढे शहाणे, बाबा, आन् पानावरची बुरशी त्यांना देव दिसतीय!"

"हळू बोल, पोरी. गाढवावर बसवतील."

"बसवू देत. निदान गाढव तरी खरं असंल."

दुसऱ्या दिवशी ती थेट दरबारात जाऊन उभी राहिली. "सरकार, देव तर उतरला. पण त्याची पूजा कोण करतंय? पूजेवाचून ठेवला तर कोपंल की."

महाराज दचकले. त्यांनी शास्त्रीबुवांकडे पाहिलं. बागेतल्या चिखलात बसायचं शास्त्रीबुवांच्या जिवावर आलं होतं. ते घाईनं म्हणाले, "या मुलीलाच करू द्या, महाराज."

"ठीक आहे," महाराज म्हणाले, "पण सगळं शास्त्राप्रमाणे. जराही उणं पडलं तर याद राख."

"मग बुवांनाच इचारते. बुवा, कालच्या पूजेचं निर्माल्य आज देवावर तसंच ठेवत्यात का?"

"छे छे! महापाप!"

"म्हंजे देवाच्या अंगावरची कालची पानं सकाळी उतरवाय पायजेत. आन् पायाखाली येऊ नयेत म्हणून लांब खड्ड्यात पुराय पायजेत."

शास्त्रीबुवांनी नाही म्हणावं, तर स्वतःचंच बोलणं खोटं पडत होतं. "हो, पाहिजेत."

"अभिषेकाला आंबट दही चालंल? वर पाणी?"

"पंचामृतात दही असतंच. पाणीही लागतंच."

दही आणि पाणी घुसळलं की काय होतं, हे शास्त्रीबुवांच्या स्वयंपाकघराला ठाऊक असावं. शास्त्रीबुवांना नव्हतं.

"राहिला मांडव," राही म्हणाली. "आमच्या शिवेवरच्या वेताळाला छप्पर सोसत न्हाई. गावानं घातलं, तर पहिल्याच वावटळीत उडवून लावलं. ह्या देवाला सोसंल का, बुवा? न्हाई सोसलं, तर कोप कुणावर?"

शास्त्रीबुवांनी महाराजांकडे पाहिलं, महाराजांनी शास्त्रीबुवांकडे. संध्याकाळच्या आत मांडव उतरला.

मग रोज सकाळी राहीची पूजा सुरू झाली. सगळ्यात पांढरी झालेली पानं ती निर्माल्य म्हणून उतरवी आणि खड्ड्यात पुरी. उरलेल्या पानांवर, वरून आणि खालून, पातळ आंबट ताक शिंपडी. ऊन आणि वारा फुकटच होते, ते महाराजांनी अडवले नाहीत की आपसूक येत. दरबारी मंडळी कुंपणाबाहेरून हात जोडत आणि घरी जाऊन आपापल्या वेलावर गुपचूप तेच करत. वेलाला हिरवीगार पानं फुटली आणि भोपळा चांगला घागरीएवढा झाला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी महाराज शास्त्रीबुवांना आणि दरबाऱ्यांना घेऊन बागेत आले आणि गरजले, "माझी विभूती कुठे आहे? कारटे, तू माझा देव घालवलास!"

राही शांतपणे म्हणाली, "देव गेला न्हाई, सरकार. बिऱ्हाड बदललं त्यानं. आता शास्त्रीबुवांच्या परसातल्या भोपळ्यावर ऱ्हातोय. पानं बघा जाऊन, पांढरीफेक हायेत."

महाराज लालबुंद झाले. "मला सोडून यांच्याकडे? शास्त्रीबुवा, आता तुमच्या वेलावर मांडव घालतो. एक पान तोडायचं नाही. आणि देवाची मर्जी माझ्याकडे वळेपर्यंत तुम्ही त्याच्यासमोर निर्जळी उपास करायचा."

उपासाचं नाव निघताच शास्त्रीबुवांचं सारं शास्त्र आटलं. "नको, महाराज! कसला देव? नुसती भुरी आहे ती! इथूनच उडून आलीय, तुमच्या वेलावरून!"

महाराजांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. आपल्याला इतके दिवस काय पुजायला लावलं, हे आता त्यांच्याही ध्यानात येऊ लागलं होतं.

"पोरी, तू खरं सांग," ते म्हणाले. "माझ्या वेलावर काय होतं?"

खरं सांगावं तर गाढव, खोटं सांगावं तर राजाची फसवणूक.

"कुंपणाच्या आत होता तवर देव होता, सरकार," राही म्हणाली. "कुंपण ओलांडलं आन् रोग झाला. तुमचा हुकूम कुंपणापतूरच चालत होता न्हवं?"

महाराज पोट धरून असे हसले, की पागोटं घरंगळून वाफ्यात पडलं. आधी खात्री करून घेऊन मग दरबारही हसला.

शेंडी सोडली तर शास्त्रीबुवांचं मुंडण आधीच झालेलं होतं, तेवढी शिक्षा वाचली. गाढव मात्र मागवण्यात आलं.

"ही बाग आजपासून तुमची," महाराज सटवाजीला म्हणाले आणि राहीकडे वळले. "तुला काय हवं ते माग."

"एकच मागणं हाय, सरकार," राही म्हणाली. "पुढच्या साली भोपळ्याचं बी आमालाच टोचू द्या."