आचार्यांची भुवई

फार पूर्वी मिथिला नगरीवर सुबाहू राजाचा अंमल होता, त्या काळी बोधिसत्त्वाने एका हाडवैद्याच्या कुळात जन्म घेतला. त्याचे नाव भद्रसाल. त्याच्याकडे सात शिष्य शिकत. शिष्याने रुग्णाला हात लावला की भद्रसाल समोर येऊन बसे आणि काम संपेपर्यंत नजर हलवत नसे. त्यामुळे त्याच्या दारातून कोणी वाकडा हात घेऊन परत गेला नाही, आणि याचा त्याला थोडा अभिमानही होता.

एकदा त्याच्या कपाळावर गळू आले. पार डोळ्यांपर्यंत पट्टी बांधून तो बसला. सोणक नावाचा सर्वांत जुना शिष्य एका सुताराचा निखळलेला अंगठा हातात धरून घुटमळू लागला.

"आचार्य, पट्टी जरा वर घेता का?"

"कशाला रे?"

"तुमची भुवई दिसत नाही. आमचं चुकलं की ती वर जाते."

बाकीचे शिष्य खो खो हसले. खरे तर साऱ्यांचे तेच चालले होते. भद्रसालाला मात्र हसू आले नाही. सात वर्षे शिकवून पोरांना हाडे कळली नाहीत, माझा चेहरा तेवढा पाठ झाला, या विचाराने त्याला फार वाईट वाटले.

दुसऱ्या दिवशी तो सरळ मळ्यात जाऊन बसला. "तुमचं तुम्ही बघा," म्हणाला. दुपारपर्यंत सोणकाने एका माळ्याचा हात असा करकचून बांधला की बोटे निळी पडली. त्याची ओरड ऐकून भद्रसालाने धावत येऊन पट्टी सोडली म्हणून हात वाचला. हेही बरोबर नाही, हे त्याला उमगले.

मग तो शिष्याच्या पाठीमागे बसू लागला. "बोटांना काय लागतंय आणि तू काय करणार, ते आधी मोठ्याने सांग," तो म्हणाला. "रुग्णाला इजा होणार असेल तर मी 'थांब' म्हणेन. नाहीतर बोलणार नाही."

पुढच्याच महिन्यात खेमा नावाची कुंभारीण निखळलेला खांदा घेऊन आली. तो नीट बसला नाही तर तिचे चाक कायमचे थांबणार होते. नेमका त्याच वेळी राजवैद्य निवडण्यासाठी राजाचा अमात्य भद्रसालाचे काम पाहायला आला होता. आणि पाळी सोणकाची होती.

"आचार्यांनीच हात लावावा," खेमा कळवळून म्हणाली.

"मी इथेच आहे, बाई. कुठे जात नाही," भद्रसाल म्हणाला.

सोणकाने खांदा चाचपला. "हाड पुढे सरकलंय. मावशी घाबरल्यात, दंड आखडलाय. मी ओढणार नाही. कोपर अंगाशी ठेवून हात हळूहळू बाहेर वळवीन."

भद्रसाल असा खांदा काखेत टाच लावून, ओढून बसवी. 'थांब' अगदी त्याच्या ओठांवर आले. पण सोणकाची रीत चुकीची नव्हती, फक्त भद्रसालाची नव्हती. त्याने ओठ मिटले.

सोणक थोडा हात वळवी, थांबे, "श्वास घ्या, मावशी," म्हणे, पुन्हा वळवी. अमात्य चुळबुळू लागला.

"तुम्हीच का नाही बसवत? की जमत नाही?"

"त्याचं काम नीट चाललंय," भद्रसाल म्हणाला.

अमात्य उठून गेला आणि त्याच्याबरोबर राजवैद्याचे पदही गेले. थोड्या वेळाने खट् असा बारीक आवाज झाला. खेमाने हात हलवून पाहिला आणि ती रडू लागली. सोणक तिचा हात गळ्यात बांधण्यात गढून गेला होता. त्याला पाहून भद्रसालाला जो आनंद झाला, तो स्वतः बसवलेल्या हाडांनी कधी दिला नव्हता.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, जेतवन विहारात भिक्षू उत्तियाला सांगितली. श्रामणेरांनी, म्हणजे शिकाऊ बालभिक्षूंनी, झाडलेले अंगण उत्तिय पुन्हा स्वतः झाडी, त्यांच्या अंगावरची चीवरे ओढून सारखी करी आणि ही पोरे कधी शिकणार म्हणून कुरकुरे.

शास्ते म्हणाले, "ती खेमा आज श्रावस्तीत उपासिका आहे. भद्रसाल मीच होतो. आणि ज्याच्यासाठी मी ओठ मिटून बसलो, तो सोणक, उत्तिया, तू होतास."

उत्तियाने मान खाली घातली. शिष्य आपल्या वाटेने पोहोचेपर्यंत त्याच्या जवळ बसून राहणे, ही गुरूची क्षांती, त्याचा धीर होय.